‘उ’ची पेटी

१

यमुनाबाई होनपांच्या कपाटातून चाळीस काचपट्ट्या नाहीशा झाल्या, तेव्हा मी खालापूरच्या कोर्टात एका बांधाच्या भांडणात उभा होतो आणि रीतसर हरत होतो. कर्जतहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने चिठ्ठी आणून दिली. यमुनाबाईंचं अक्षर मी पाकिटाबाहेरूनही ओळखतो.

"चित्रे, ‘उ’ची पेटी कपाटात नाही. काल दुपारी होती. शनिवारी प्राध्यापक तपासायला येणार. पोलिसांत जायचं नाही. तुम्ही या."

‘तुम्ही या’ हे दोन शब्द मी किती वेळा वाचले ते सांगत नाही. वकिलाने स्वतःविरुद्ध पुरावा देऊ नये. पुढची तारीख मागून घेतली, अशिलाच्या शिव्या खाल्ल्या आणि परतीच्या मोटारीत बसलो.

बेचाळीस साली मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली, तेव्हा एका संशोधन संस्थेने आपलं थोडं बिऱ्हाड भिवपुरीला हलवलं. पॉवरहाऊस जवळ, म्हणून विजेची सोय. बंगल्याचा भाडेकरार मी लिहिला आणि त्यावर संस्थेतर्फे सही केली ती डॉक्टर यमुना होनप यांनी. सही करताना त्यांनी माझ्या मसुद्यातल्या तीन चुका दाखवल्या. त्या दिवसापासून मी कामातून गेलो. लढाई संपली, बाकीची मंडळी मुंबईला परतली, यमुनाबाई मात्र हातातलं काम संपेपर्यंत राहिल्या. आणि मी गेली चार वर्षं दर रविवारी दोन तास सायकल हाणत भिवपुरीला जात राहिलो. भाडेकराराविषयी बोलायला, असं मी सांगत असे. एवढं बोलण्यासारखं कुठल्याच करारात नसतं.

त्यांचं काम असं. शरीरातल्या पेशी म्हणजे खोल्या धरल्या, तर कुठलं प्रथिन कुठल्या खोलीत राहतं आणि खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात, हे शोधायचं. उंदराच्या मूत्रपिंडाचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचा, काचेवर चिकटवायचा, कोमट औषधात बुडवायचा. त्या प्रथिनाने आपलं काम केलं की त्या जागी चुन्याचा कण साचतो, आणि पुढच्या दोन औषधांत तो कण काळा पडतो. काळं दिसलं की समजायचं, पत्ता लागला.

"पण चित्रे," त्या म्हणायच्या, "काळं दिसतं तिथंच ते राहतं असं नाही. जास्त वेळ भिजलं की वाहून दुसरीकडे जाऊन बसतं. पुस्तकवाले म्हणतात ते पेशीच्या गाभ्यात आहे. मी म्हणते ते काठावर राहतं आणि गाभ्यात नुसतं वाहून येतं."

हे सिद्ध करायला तीन वर्षं गेली होती. शनिवारी मुंबईचे प्राध्यापक पट्ट्या बघणार, पटल्या तर विलायतेतल्या प्रयोगशाळेत यमुनाबाईंना जागा, आणि एप्रिलमध्ये बोट. पट्ट्या अपुऱ्या निघाल्या तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी. मग यमुनाबाई इथेच, निदान वर्ष-दोन वर्षं.

मोटार चौक गावाच्या बाजूने न जाता कर्जतकडे वळली आणि मला माझं मन स्पष्ट दिसलं. ज्याला चोर शोधायला बोलावलं होतं, त्याला चोराचे आभार मानावेसे वाटत होते.

२

बंगल्याच्या मागच्या खोलीत सडक्या अंड्यांचा वास कायमचा मुक्कामाला असे. त्या काळं करणाऱ्या औषधाचा तो वास. यमुनाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. पस्तिशीच्या, उंच, पदर खोचलेला, बोटांची टोकं औषधांनी तपकिरी झालेली. रडल्या नव्हत्या. त्या रडल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

"कुलूप फोडलेलं नाही," त्यांनी सांगितलं. "किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असते, घरातल्या सगळ्यांना माहीत. काढून, उघडून, बंद करून परत खिळ्यावर लावली आहे."

"म्हणजे चोर घरातला. आणि टापटिपीचा."

कपाटात लाकडाच्या दोन सारख्या पेट्या असत. आता एकच होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘सु’ लिहिलेलं होतं.

"‘उ’ म्हणजे उंदीर ना?" मी विचारलं. चार वर्षं त्या पेट्या बघून मी मनाशी तेच धरून चाललो होतो.

"दोन्हींत उंदीरच आहेत. ती सुंदराची भाषा. एका उंदराचे दोन काप घेते मी. एक तसाच औषधात जातो, दुसरा आधी उकळत्या पाण्यात घालते. उकडला की त्यातलं प्रथिन मरतं आणि तो काळा पडत नाही. सुंदराने बघितलं आणि म्हणाली, हा उकडा आणि हा सुरय. तेच नाव पडलं."

भातशेतीच्या मुलखात याहून सोपी नावं मिळायची नाहीत. धान वाफवून, वाळवून कांडलं तर उकडा तांदूळ, न उकडता कांडलं तर सुरय. इकडच्या कुठल्याही घरात ज्याला भात वाढला आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

"मग ‘उ’च्या पेटीत नुसत्या कोऱ्या पट्ट्या?"

"कोऱ्या दिसणाऱ्या. पण त्या शेजारी नसतील तर ‘सु’तलं काळं कशाचं, याला पुरावा नाही. आधीपासूनच तिथं चुना होता असं कुणीही म्हणेल. प्राध्यापक पहिल्यांदा त्याच मागतील."

"नव्या करता येतील?"

"आठ दिवसांत. हातात चार आहेत. हेच मला कळत नाही, चित्रे. ‘सु’ नेली असती तर तीन वर्षं गेली असती. ज्याला माझं वाटोळं करायचं त्याने कमी मोलाची पेटी का न्यावी?"

मी म्हटलं, चोर दयाळू असेल. त्या हसल्या नाहीत. ‘सु’च्या पेटीतून त्यांनी सतरा नंबरची पट्टी काढून उजेडात धरली.

"ही बघा. बाकीच्यांवर बारीक धूळ आहे. या एकीवर नाही. आणि उलटी लावलेली आहे."

"म्हणजे?"

"कुणीतरी ही काढली, बघितली आणि पुसली."

चोरी करायला आलेला माणूस एक काच पुसून जागच्या जागी ठेवतो, ही गोष्ट माझ्या वकिलीत कधी आली नव्हती. मी तसं म्हणणार, तोच दारातून आवाज आला.

"पुसणाऱ्याचं नाव मी सांगतो."

३

दारात टिपणीस उभा होता. मधुकर टिपणीस, यमुनाबाईंचा मदतनीस, रोह्याचा, हुशार आणि आपण हुशार आहोत हे न विसरणारा.

"मंगळ्या," तो म्हणाला. "काल पिंजरे धुवायला तोच या खोलीत होता. फौजदाराला एक निरोप धाडा, संध्याकाळपर्यंत कबूल करेल."

"फौजदारापुढे मीसुद्धा कबूल करेन," मी म्हटलं. "काल दुपारनंतर तू कुठे होतास?"

"कर्जतला. बर्फ आणायला. पाचच्या सुमारास आलो." मग जरा आवाज चढवून म्हणाला, "बाई गेल्या तर ही जागा मला मिळणार आहे, चित्रेसाहेब. त्या लवकर जाव्यात असंच मला वाटतं. लिहून घ्या."

उद्धट होता, पण त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. शिवाय त्याला या पट्ट्यांतलं सगळं कळत होतं. त्याला घात करायचा असता तर त्याने ‘सु’ नेली असती, आणि फडक्याने तर पट्टी पुसलीच नसती. प्रयोगशाळेतल्या लोकांना पट्टीवर बोट लागलेलंही खपत नाही.

सुंदरा स्वयंपाकघरात होती. पोशीरची, चाळिशीतली, धुणीभांडी, स्वयंपाक आणि काचा धुणं अशी सगळी कामं तिच्याकडे.

"माज्यावर संशय हाय व्हय?" तिने परातीतून हात न काढता विचारलं.

"आहे. बाई गेल्या की तुझं काम जाणार."

"जानार तर. चार वर्सं झाली, घरच्यापरास हितं जास्त ऱ्हायले मी." ती पीठ मळू लागली. "पन मला पेटी लपवायची असती तर उकडा कशाला नेला असता? सुरय नेला असता. नाव मीच ठिवलंय न्हवं?"

"आणि हे कसलं पीठ?"

"जोंधळ्याचं. अण्णांसाटी. बार्शीचं पोतं आनलंय त्यांनी, त्यांच्या खाटंखाली असतंय. आमच्या भाताला नावं ठिवत्यात. म्हनत्यात, ह्यो भात हाय का पानी हाय. दोन म्हैने झाले, भाकर थापून थापून माजा हात मोडला."

मंगळ्या पिंजऱ्यांपाशी सापडला. वरच्या ठाकरवाडीतला, बारीक अंगाचा, पांढरे उंदीर त्याच्या बाहीत शिरून बसत. त्याला अक्षर येत नव्हतं, पण दोन्ही पेट्या रोज तोच उचलून टेबलावर आणून ठेवी. उकड्याची कुठली ते त्याला वरून बघून कळे, झाकणाचा एक कोपरा टवकलेला होता.

"मी नाय नेली," तो म्हणाला. आणि पिंजऱ्याची कडी लावू लागला. मी वळलो तेव्हा हळूच म्हणाला, "माझं नाव कुनी घेतलं ते मला ठावं हाय. कुनीबी घेतलं असतं."

त्याचं खरं होतं. काळं वाहून कुणाच्या अंगावर जाऊन बसतं, हे सांगायला आपल्याकडे कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

ओसरीवर अण्णा होनप बसले होते. यमुनाबाईंचे वडील, बार्शीच्या शाळेत तीस वर्षं मास्तर. दिवाळीनंतर पत्नी वारली आणि दोन महिन्यांपूर्वी ते लेकीकडे आले. पुढ्यात वर्तमानपत्र आणि हातात लाल पेन्सिल. छापखान्याच्या चुका काढणं हा त्यांचा रोजचा उद्योग, समासात लाल खुणांची रांग लागलेली असे.

"पेटीचं कळलं मला," ते म्हणाले. "वाईट झालं बघा." चष्मा काढला, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि उपरण्याच्या टोकाने पुसला. "पण वकीलसाहेब, एखादी गोष्ट होत नाही ती बऱ्यासाठीच, असंही असतं की."

मी मान डोलावली. डोलावताना मला लाज वाटली, कारण मी ती मनापासून डोलावली होती.

४

बुधवारी कोर्ट चुकवता आलं नाही. गुरुवारी सकाळीच सायकल काढली.

यमुनाबाई दार उघडायला आल्या तेव्हा शांत होत्या. मंगळवारी त्यांच्या कपाळावर जी आठी होती ती दिसत नव्हती. मला वाटलं, आशा सोडली. पिंजऱ्यांपाशी मंगळ्याही सावरलेला दिसला.

"बाई काल बोलल्या," त्याने सांगितलं. "म्हनल्या, घाबरू नको, तुझ्यावर कुनी बोट ठेवनार नाय. मी हाय."

बाईंचा स्वभावच तसा, असं मी समजलो आणि पुढे गेलो. त्या एका वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. पण माझं डोकं पुसलेल्या पट्टीत अडकलं होतं.

दुपारी पानं मांडली. टिपणीस जेवून गेला होता. अण्णा, मी, यमुनाबाई. सुंदराने अण्णांच्या पानात भात वाढला, वर वरण. अण्णांनी निमूट कालवला आणि खाऊ लागले. एकेक घास औषधासारखा गिळत होते.

"अण्णा, भाकरी नाही?" मी विचारलं.

"वय झालं. दात चालत नाहीत आता."

"मंगळवारपास्नं भातच मागत्यात," सुंदरा खुशीत म्हणाली. "म्हनलं, आता आमचा भात गोड लागाया लागला जनू."

यमुनाबाई पानाकडे बघत जेवत होत्या. अण्णांच्या पानातलं भाजलेलं सुकं खोबरं मात्र मी बघितलं. ते त्यांनी कडाकड चावून खाल्लं.

जेवण झाल्यावर ओसरीवर आलो. वर्तमानपत्र तसंच पडलं होतं. सहज हातात घेतलं आणि समासातल्या लाल खुणा पहिल्यांदाच नीट वाचल्या. चुकलेल्या ओळींपुढे बारीक अक्षरात ‘सु’ लिहिलं होतं. पाचव्या पानावर शेतीविषयी एक नेटका मजकूर होता. त्याच्यापुढे एकच अक्षर होतं.

‘उ’.

मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि आत अण्णांच्या खोलीचं दार लोटलं.

५

ते खाटेवर बसले होते, जणू माझीच वाट बघत. खाटेखाली जोंधळ्याचं पोतं होतं, तोंड सुतळीने गच्च बांधलेलं.

"अण्णा, ‘सु’ म्हणजे काय?"

"सुधारा," ते म्हणाले. "तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लिहितोय. सु म्हणजे सुधारा, उ म्हणजे उत्तम. का हो?"

"या मुलखात उ म्हणजे उकडा आणि सु म्हणजे सुरय. तांदळाचे प्रकार. तुमच्या लेकीने पेट्यांवर तेच लिहिलं आहे."

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, बोलणं थांबवावं. पण उलटतपासणी सुरू झाली की जीभ ऐकत नाही.

"पेटी नेणाऱ्याला तिचं सगळ्यात मोलाचं काम लपवायचं होतं. त्याने ‘उ’ वाचलं आणि उत्तम समजला. खात्री करायला दोन्ही पेट्यांतल्या पट्ट्या उजेडात धरल्या. एकीतल्या स्वच्छ, दुसरीतल्यांवर काळे डाग. म्हणजे स्वच्छ त्या चांगल्या, डागाळलेल्या त्या बिघडलेल्या. ‘उ’ला मीही चुकलो होतो, पण या घरात उकडा-सुरय रोज बोलणारा, शिजवणारा, खाणारा एकही माणूस ही चूक करणार नाही. टिपणीस नाही, सुंदरा नाही, मंगळ्या नाही. या घरात भात न खाणारा माणूस एकच."

"हां."

"आणि तोच माणूस मंगळवारपासून भात खातोय. कारण भाकरी मागितली तर सुंदरा नवं पीठ दळायला पोतं उघडेल. दात चालत नाहीत म्हणता, आणि खोबरं कडाकड चावता."

अण्णांनी पायाने पोतं खाटेखाली जरा आत सारलं आणि म्हणाले, "ती पट्टी पुसली ते सांगायचं राहिलं तुमचं."

"ती का पुसलीत ते मला कळलं नाही."

"डाग दिसला म्हणून. लेकीच्या वस्तूवर डाग कशाला, म्हटलं. पुसला तर निघेना. लहानपणी तिची पाटी मीच पुसून द्यायचो, वकीलसाहेब." त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी डोळे पुसले. "लेक गेल्यावर मला या घरात उठून बसायला काही कारण उरणार नाही. तिची आई गेली तेव्हा ही दोन दिवसांत बार्शीला आली होती. माझ्या वेळी बोटीतून कशी येईल? तिचं वाईट करायचं नव्हतं मला. फक्त हा शनिवार जाऊ द्यायचा होता. सोमवारी मी पेटी परत ठेवणार होतो."

"आणि मंगळ्याला फौजदाराने नेलं असतं तर?"

"तसं झालं असतं तर मी बोललो असतो." मग म्हणाले, "असं म्हणतोय खरा. मास्तर होतो, घाबरटही होतो. काय सांगावं."

मी सुतळी सोडायला वाकलो. त्यांनी माझा हात धरला. म्हातारा हात, पण घट्ट.

"दोन दिवस आहेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फक्त दोन दिवस गप्प राहा. तुम्हालाही ती जायला नको आहे. चार वर्षं दर रविवारी कुणी भाडेकराराविषयी बोलत नाही हो."

मी सुतळीवरचा हात काढला.

६

मी घरी गेलो. यमुनाबाईंना म्हटलं, अजून धागा हाती लागत नाही, उद्या येतो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि बरं म्हणाल्या. खालापूरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही.

सबबी मी भरपूर काढल्या. ती माझीच कला आहे. अण्णांचं म्हातारपण आहे. वर्षभराने दुसरी संधी येईलच. विलायतेत थंडी फार. मी खोटं बोलत नाही, फक्त उशिरा बोलतोय. कोर्टात यातली एकही सबब टिकली नसती, पण त्या दिवशी न्यायाधीशही मीच होतो. मला त्या हव्या होत्या. समोर हव्या होत्या, पदर खोचलेल्या, माझ्या मसुद्यातल्या चुका काढणाऱ्या. एवढं साधं वाक्य चार वर्षांत मला त्यांच्यापुढे बोलता आलं नव्हतं, आणि आता ते वाक्य न बोलताच मी त्यांना अडकवून ठेवायला निघालो होतो.

शुक्रवारी पहिल्या मोटारीने भिवपुरीला गेलो. अण्णा ओसरीवर होते. माझा चेहरा बघून उठले, आत गेले आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पेटी वर काढली. मी म्हटलं, "तुमचं नाव निघणार नाही." ते म्हणाले, "तुमचंही निघायला नको." जोंधळ्याचे दाणे आम्ही दोघांनी मिळून फुंकरीने उडवले.

पेटी मी यमुनाबाईंच्या टेबलावर ठेवली.

"सापडली. चाळीसही आहेत. कुणी नेली ते विचारू नका."

"बरं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही. तीन वर्षं एका प्रथिनाचा पत्ता शोधणारी बाई एवढ्यावर गप्प बसली, याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

शनिवारी प्राध्यापक आले, दुपारभर भिंगाला डोळा लावून बसले. पाच मिनिटं भिजलेली पट्टी, अर्धा तास भिजलेली, तीन तास भिजलेली, आणि प्रत्येकीशेजारी तिची उकडी बहीण. शेवटी ताठ झाले आणि म्हणाले, "काठावरच आहे. गाभ्यात नाही. आम्ही सगळे चुकलो." टिपणीसाने त्या दिवशी मंगळ्याकडे मान वळवून बघितलं आणि संध्याकाळी उंदरांना चणे स्वतः घातले. माफी मागायची त्याला तेवढीच रीत माहीत होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कर्जत स्टेशनवर यमुनाबाईंना पोचवायला आम्ही सगळे गेलो. अण्णा भर उन्हात फलाटाच्या टोकाशी उभे राहून सुंदराला सामान मोजायला लावत होते, कारण लेकीकडे तोंड करून उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. ते माझ्याकडे खालापूरला राहायला येणार हे त्यांचं-माझं ठरलं होतं. यमुनाबाईंना आम्ही ते आदल्या दिवशीच सांगितलं.

गाडीला दहा मिनिटं होती.

"चित्रे," त्या म्हणाल्या, "मला बुधवारीच कळलं होतं."

त्यांची पिशवी माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली.

"अण्णांनी दुसऱ्या दिवशीही भात मागितला तेव्हाच. ते फिरायला गेल्यावर पोतं उघडलं, पेटी बघितली आणि होती तशी बांधून ठेवली. शनिवारी सकाळी मीच काढणार होते. मंगळ्यालाही बोलले होते."

"मग मला का धावायला लावलंत?"

त्यांनी रुळांकडे बघितलं. लांब घाटाच्या बाजूला गाडीची शिटी ऐकू आली.

"तुम्हाला सापडणार हे मला माहीत होतं. सापडल्यावर तुम्ही काय करता ते बघायचं होतं. मी जाणार होते, ते काही बदलणार नव्हतं. पण कुणीतरी मला अडवावं, असं वाटत होतं. अण्णांनी अडवलं. तुम्ही पेटी आणून दिलीत." त्या किंचित हसल्या. "बरोबर केलंत. मला वाईट वाटलं, एवढंच."

गाडी फलाटात शिरत होती. माझ्याकडे फार तर दोन मिनिटं होती आणि मी आयुष्यभर वेळकाढूपणा केलेला माणूस.

"लपवली होती," मी म्हटलं. "गुरुवारी दुपारी अडीचला मला कळलं. शुक्रवारी सकाळी साडेआठला मी पेटी तुमच्या टेबलावर ठेवली. मधला सगळा वेळ मी ती लपवून ठेवली होती. तुम्ही जाऊ नये म्हणून."

त्यांनी बोटांवर मोजलं. खरोखर मोजलं, ओठ हलत होते.

"अठरा तास," त्या म्हणाल्या.

"अठरा तास."

"एवढं मला पुरेल, चित्रे," असं म्हणून त्यांनी माझा हात सगळ्यांदेखत हातात घेतला, आणि गाडी सुटेपर्यंत तो सोडला नाही.